मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

चाळीसमास्तरांच्या बुटांचा जोड कधी एकसारखा झिजला नाही. उजव्याचा तळ सहा महिन्यांत कागदासारखा पातळ व्हायचा आणि डावा मात्र काल दुकानातून आणल्यासारखा. बूट दुरुस्त करणारा विचारायचा, "मास्तर, तुम्ही काय एकाच पायानं चालता?"

कारण अगदी साधं होतं. मास्तर अठ्ठावीस वर्षं गाडी चालवायला शिकवत होते. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो, मास्तरांचा. शिकणारा गडबडला की मास्तरांचा उजवा पाय तो दाबतो. दिवसाला दीडदोनशे वेळा दाबून दाबून त्या पायाला इतकी सवय झाली होती की घरी कुकरची शिट्टी झाली तरी टेबलाखाली मास्तरांचा पाय फरशीवर दाबला जाई. त्यांची बायको म्हणायची, "अहो, तो कुकर आहे. त्याचा ब्रेक माझ्याकडे."

चाळीसच्या पुढे वेगाचा काटा गेलेला मास्तरांना खपत नसे, म्हणून शिकणाऱ्या पोरांनी ठेवलेलं 'चाळीसमास्तर' हे नाव. मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, आवडतही होतं. ताकही फुंकून पिणारा माणूस. देवानं त्यांच्या गाडीला अठ्ठावीस वर्षांत साधा ओरखडा येऊ दिला नव्हता.

अशा घरात एक दिवस धुवायच्या कपड्यांतून चार तिकिटं निघाली. लेकीच्या जीन्सच्या खिशातली. चारही एकाच सिनेमाची, आणि सिनेमा कसला, तर गाड्यांच्या शर्यतीचा. पोस्टरवर एक लाल गाडी पुलावरून हवेत उडालेली होती आणि खाली आग.

मास्तरांनी तिकिटं टेबलावर एका ओळीत मांडली.

"चार वेळा?" ते म्हणाले. "अगं, कॉलेजातला एक धडा कधी चार वेळा वाचला नाहीस!"

"धड्यात गाड्या उडत नाहीत, बाबा."

"गाड्या उडायला नसतातच मुळी! चाकं दिलीत त्यांना, पंख नाहीत!"

लेक हसली, पण तिचं हसू लगेच मावळलं. कारण मास्तरांनी समोरचा फॉर्म उचलून कपाटात ठेवला. तो तिच्या पक्क्या लायसन्सचा फॉर्म होता. शिकवणाऱ्याच्या सहीशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि तिला शिकवणारे हेच. तिला एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, घरोघर जाऊन रक्ताचे नमुने आणायची. एक तारखेपर्यंत लायसन्स दाखवलं नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. एक तारखेला नऊ दिवस उरले होते.

"सही नाही," मास्तर म्हणाले. "ज्याच्या डोक्यात असल्या गाड्या, त्याच्या हातात माझ्या सहीनं गाडी जाणार नाही."

"बघितलाय का तुम्ही सिनेमा?" लेकीनं विचारलं.

"बघायची काय गरज?"

"हे असेच," बायको कपडे झटकत म्हणाली. "न चाखताच भाजी खारट. आधी बघा, मग बोला."

शेवटी रविवारी दुपारच्या खेळाला तिघं निघाले. आपलं म्हणणं खरं करून दाखवायचं, एवढ्याच हेतूनं मास्तर गेले.

सिनेमागृह पोरापोरींनी गच्च भरलेलं. पहिली गाडी वळणावर घसरली आणि मास्तरांचा उजवा पाय जाऊन समोरच्या सीटवर आदळला. दुसरी गाडी उलटी झाली, पुन्हा दणका. सहाव्या दणक्याला समोरची मुलगी मागे वळली.

"काका, माझ्या पाठीत ब्रेक आहे का?"

आसपासची पोरं खिदळली. मास्तर ओशाळले आणि पाय सीटखाली दुमडून बसले. "रस्त्यावर एक माणूस नाही," ते बायकोच्या कानात पुटपुटत राहिले. "शहरात माणसं राहतात की नाही? आणि हा आरसा कधी बघणार?"

मध्यंतरानंतर मात्र पुटपुटणं थांबलं. पायही थांबला.

लेकीनं सहज बाजूला पाहिलं आणि ती थक्क झाली. बाबा सीटच्या टोकावर आले होते. पडद्यावरची गाडी डावीकडे वळली की ते डावीकडे कलत होते. इंजिनाची घरघर खुर्चीतून पाठीत चढत होती. शेवटच्या शर्यतीत लाल गाडी मागे पडली, तसे मास्तर भर सिनेमागृहात ओरडले, "दाब! अरे दाब!"

उभ्या आयुष्यात हा शब्द त्यांनी फक्त ब्रेकसाठी वापरला होता.

बाहेर आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लेक म्हणाली, "मी चालवू?"

"नको. आज मी." मास्तर चाकामागे बसले. लेक शेजारी, म्हणजे मास्तरांच्या नेहमीच्या जागी, बसली आणि बायको मागे. टपावर पाटी होतीच: 'शिकाऊ गाडी, अंतर ठेवा.'

गोदामांमागचा रस्ता सरळ आणि मोकळा. एका ट्रकला मास्तरांनी हॉर्न न देता मागे टाकलं. मागून बायकोनं "अहो" म्हटलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही. लेकीनं काट्याकडे पाहिलं. सत्तर! तिला वाटलं, काटाच बिघडला. जो माणूस घरात चालतानासुद्धा वळणावर हळू होतो, तो सत्तरनं चाललाय?

तेवढ्यात कोपऱ्यावर, हातात दुधाची पिशवी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ फुटपाथवरून खाली उतरले.

मास्तरांनी त्यांना पाहिलं नाही.

लेकीनं पाहिलं. तिचा पाय खाली गेला, मास्तरांच्या ब्रेकवर, सगळ्या जोरानिशी. टायर किंचाळले. मागे बायकोच्या तोंडून "देवा!" एवढंच निघालं. गाडी थांबली तेव्हा म्हातारबाबा आणि बंपर यांच्यात हातभर जागा होती. पिशवी रस्त्यावर फुटली होती आणि दूध चाकाखाली वाहत होतं.

मास्तरांची बोटं चाकावरून सुटेनात. ते दुधाकडे बघत होते. पांढरं आहे, लाल नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

म्हातारबाबांनी वाकून आत पाहिलं. निवृत्त पोस्टमन. त्यांच्या दोन्ही सुना मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकल्या होत्या.

"मास्तर?" ते आ वासून बघत राहिले. "तुम्ही? ब्रेक फेल झाला का हो?"

किती सोपं होतं 'हो' म्हणणं! म्हातारबाबांनीच वाट करून दिली होती. मास्तरांनी एकदा लेकीकडे पाहिलं. तिचा पाय अजून ब्रेकवरच होता.

"नाही," मास्तर खाली उतरून म्हणाले. "ब्रेक चांगला आहे. चूक माझी आहे. मी बघतच नव्हतो." आणि भर रस्त्यात त्यांनी हात जोडले.

म्हातारबाबांना नवी पिशवी घेऊन देऊन घरापर्यंत सोडलं, तेव्हा चाकामागे लेक होती. मास्तर मागे बसले होते.

"तू चार वेळा बघितलास," मास्तर परतीच्या वाटेवर म्हणाले. "तुला असं झालं नाही?"

"पहिल्यांदा झालं होतं." लेक आरशात बघत होती, रस्त्यावर बघत होती, पुन्हा आरशात. "बाहेर आल्यावर पाय हलके झाले होते. म्हणून मैत्रिणी आणि मी पायऱ्यांवर अर्धा तास बसून राहिलो. अजून बसतो, दर वेळी. बडबड करतो, कुणी काय केलं, कोण कसा उडाला, आणि ती झिंग उतरली की निघतो."

"मग जाता कशाला?"

"दिवसभर सगळे सांगतात, हळू, थांब, बघून. घरी तुम्ही, कॉलेजात ते. तिथं अडीच तास कुणी थांब म्हणत नाही, बाबा. आणि कुणाला लागतही नाही. खोटं आहे, ठाऊक असतं आम्हाला. पण बरं वाटतं."

"आणि हे," बायको पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती, चुकून ब्रेकला लागू नयेत म्हणून, "हे आयुष्यात पहिल्यांदा असल्या सिनेमाला गेले, आणि सरळ गाडीत येऊन बसले."

मास्तरांचा उजवा पाय पुढे सरकला. मागच्या सीटपुढे दाबायला काहीच नव्हतं. लेक पस्तीसनं चालली होती.

मंगळवारी मास्तर स्वतः परीक्षेच्या कचेरीत फॉर्म घेऊन गेले. सही थोडी वाकडी आली होती. 'शिकवणाऱ्याचा शेरा' या रकान्यात अठ्ठावीस वर्षं ते एकच शब्द लिहीत आले होते, समाधानकारक. खिडकीतल्या कारकुनानं या वेळचा शेरा मोठ्यानं वाचला.

"'वेळेवर ब्रेक दाबते.' एवढंच, मास्तर? स्वतःच्या मुलीबद्दल?"

"एवढंच," मास्तर म्हणाले. "तिनं दाबला म्हणून तर मी आज या खिडकीपाशी उभा आहे."