चन्नप्पाची राहिलेली पाव फेरी

चन्नप्पा शाळेत आला होता तो रिकामी पोती द्यायला. सोलापूरच्या बाजारात अडतीस वर्षं हमाली करून तीन वर्षांमागं तो घरी बसला होता. मिशनच्या शाळेत क्रीडामेळा होता आणि सिस्टर जॅसिंतांना पोत्यांची शर्यत लावायची होती. शुक्रवार पेठेतल्या घरातून वीस पोती झटकून, घड्या घालून त्यानं डोक्यावरून आणली.

शर्यत बघून त्याचं डोकं फिरलं. चांगले शिकलेले आईबाप पोत्यात पाय घालून उड्या मारत होते.

"पोतं माणसावर असतंय," तो बायकोला म्हणाला. "माणूस पोत्यात कशाला?"

"गप बसा की," गौरम्मा म्हणाली. "गरिबाच्या पोरींसाठी चाललंय."

ते खरं होतं. शाळेच्या बोर्डिंगात चाळीस मुली होत्या. त्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. परीक्षा संपायला सात आठवडे होते आणि कोठीतली ज्वारी संपली होती. आठवड्याला एक पोतं लागायचं, म्हणजे सात पोती.

धान्याचे व्यापारी शिवानंद शेट माइकवर आले. त्यांनी एक पोतं मैदानात ठेवलं होतं. "हे पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन जो मैदानाला जितक्या फेऱ्या मारंल, तितकी पोती ज्वारी माझ्याकडून!"

टाळ्या पडल्या. खेळाचे सर अर्धी फेरी मारून पोत्यासकट खाली बसले. जिमला जाणारे एक पालक आले, पोत्याभोवतीच एक फेरी मारून परत गेले.

सिस्टरनी चन्नप्पाकडं बघितलं. गौरम्मानं त्याच्या गुडघ्याकडं बघितलं.

चन्नप्पा उठला. "शेट, हात लावा."

शेटनी आणि सरांनी पोतं त्याच्या पाठीवर दिलं. त्यानं ते लगेच खाली ठेवलं.

"बेचाळीस."

"काय बेचाळीस?"

"किलो."

"वर पन्नास छापलंय की!" शेट म्हणाले.

"छापलंय वरनं. मी उचलतो आतलं."

सिस्टरनी पोरांची वजनं करायचा काटा आणवला. चन्नप्पा एकटा एकोणसाठ भरला, पोत्यासकट एकशे एक. मैदानातल्या सगळ्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली.

"वाटंत सांडली असंल," शेट म्हणाले.

"शिवण शाबूत हाय. शिवण न उसवता बाहेर पडली म्हंजे लई हुशार ज्वारी हाय, शेट."

लोक हसले. सिस्टर घाईनं म्हणाल्या, "बाबा, राहू द्या. आठ किलोनं काय होतंय?"

"मग पोरींनाबी बेचाळीसचीच पोती घेणार का?"

चन्नप्पानं मैदानावर नजर फिरवली. गोळाफेकीचे लोखंडी गोळे पडले होते, चार-चार किलोचे. त्यानं खिशातल्या दाभणानं पोत्याचं तोंड उसवलं, दोन गोळे आत टाकले, पुन्हा शिवलं. काटा एकशे नऊवर गेला. मग तो निघाला.

पहिल्या दोन फेऱ्यांना टाळ्या होत्या. तिसरीत एक गोळा नेमका बरगडीवर येऊन बसला. चौथीपासून गौरम्मा शेजारून चालायला लागली, तोंडानं एकसारखं चालू. "अय्यो, हट्टी माणूस! गुडघ्याला रात्री तेल कुणी चोळायचं?" पाचवीत ती दमली आणि गप्प झाली. सहावीत शेटनी घाम पुसला. सातवीत गोलपोस्टाजवळ चन्नप्पाचा गुडघा गेला. त्यानं पोतं टाकलं नाही, नीट उभं ठेवलं आणि शेजारी बसला.

"पाऊण झालीच की बाबा," सिस्टर म्हणाल्या. "सात धरू."

"धरू कसं? पोतं पोचल्याबिगर हमाली न्हाय. सहा लिहा. आन हे पोतं हितनं हलवायचं न्हाय."

रात्री शेळ्या तोंड घालतील म्हणून शिपायानं रागारागानं पोत्यावर ताडपत्री टाकली.

दुसऱ्या सकाळी टेम्पो आला. शेट स्वतः आले होते. चन्नप्पा लंगडत फाटकाशी उभा. त्यानं एकेक पोतं कान धरून झुकवून बघितलं. "पन्नास. पन्नास. हेबी." सहाही बरोबर निघाली.

"झालं समाधान? माझं ते पोतं द्या, जातो," शेट म्हणाले.

"त्याला जरा पोचवायचंय."

"कालचा खेळ काल संपला, चन्नप्पा."

"खेळ तुमचा. माझं काम राहिलंय. हात लावा."

गौरम्मानं तेलाची बाटली पदरात धरून कपाळावर हात मारला. शेटनी हात लावला. पाव फेरी चालायला चन्नप्पाला सगळी प्रार्थना होऊन पोरं वर्गात जाईपर्यंत वेळ लागला. चुन्याच्या रेषेपलीकडं त्यानं पोतं उतरवलं.

"सिस्टर, आता लिहा सात."

शेटनी पोत्याकडं बघितलं, मग रेषेकडं. "बरं," ते म्हणाले. "ठेवा हितंच."

"ठेवतो की," चन्नप्पा दाभण काढत म्हणाला. "गोळे शाळेचे हायत, ते काढतो. तेवढी आठ किलो ज्वारी दुपारपर्यंत पाठवा."