कच्चा राहिलेला तरोटा

घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत चंदाबाईला क्वार्टर मिळालं ते शहाण्णवच्या दिवाळीत. नवरा देवानंद अकरा वर्षं खाणीत कोळसा भरत होता, मग साहेबाची मर्जी बसली आणि तो हजेरीच्या खिडकीवर बसायला लागला. लोक त्याला बाबू म्हणू लागले. देवानंदला त्याचं काही नव्हतं, पण चंदाबाईची मान महिनाभरात दोन बोटं वर गेली. माहेर वर्धा नदीच्या काठचं, मासे धरणाऱ्यांचं. लग्नाआधी तिच्या हाताचा मासळीचा वास कधी गेला नव्हता, हे कॉलनीत कोणाला कळू नये म्हणून ती फार जपायची. तिथल्या बायकांत बसायला मिळावं, एवढीच तिची हौस होती. हौस वाईट नव्हती. पुढे जे झालं ते मात्र वाईट झालं.

कॉलनीची रीत अशी की संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकेका घरी हळदीकुंकू, आणि हळदीकुंकवाला कॉफी. चहा तर रोजचाच. संक्रांतीची कॉफी म्हणजे घट्ट दुधाची, जायफळ उगाळलेली, वर फेटलेल्या कॉफीचा फेस. हेडक्लार्क गुणवंतरावांच्या इंदिराबाईंकडची कॉफी प्याल्यावर बायका आठवडाभर तिचंच बोलायच्या. चंदाबाईने आपला दिवस सांगून टाकला करीचा, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवसाचा, आणि घरी आल्यावर खर्च बोटांवर मोजला. पंचवीस बायका, प्रत्येकीला वाण, तिळाचे लाडू, शिवाय कॉफी. देवानंद म्हणाला, चहा कर आणि मोकळी हो. त्या नवऱ्याला काय सांगावं.

वाट दाखवली ती कलाबाईने. कलाबाई तिच्या माहेरगावची, म्हातारी, विधवा. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन आठवड्यातून तीनदा कॉलनीत यायची आणि उन्हं चढली की चंदाबाईच्या मागच्या दारी पाणी प्यायला टेकायची. मागच्याच दारी. पुढून ये, असं चंदाबाईने कधी म्हटलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. चंदाबाईची अडचण ऐकून ती हसली. पावसाळ्यात ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी खातात, त्या तरोट्याचं बी हिवाळ्यात वाळतं. नदीकाठच्या घरांत तेच भाजून, कुटून, उकळून कॉफी म्हणून पितात. दूध-साखर घातल्यावर ओळखणारा विरळा. कलाबाईने दुसऱ्या खेपेला पायलीभर बी आणून दिलं, वर बजावूनही सांगितलं.

“मंद आचेवर भाज. काळं पडेपर्यंत हलव, हात दुखला तरी सोडू नको. कच्चं राह्यलं का पोट धुऊन नेते, पोरी.”

चंदाबाईने पुढची तयारी मोठ्या हुशारीने केली. भंगारवाल्याकडून कॉफीची काचेची बरणी घेतली, चिठ्ठी न फाटलेली. खऱ्या कॉफीच्या दोन लहान पुड्या आणल्या, त्या साखरेत फेटून नुसत्या वरच्या फेसाला. गुळात सुंठ घालून गोडी वाढवली, साखर वाचवली. सगळं जमत होतं. फक्त भाजणं राहिलं होतं.

संक्रांतीच्या संध्याकाळी तिने दारं-खिडक्या लावून शेगडीवर लोखंडी कढई चढवली. बी तडतडू लागलं आणि वास सुटला. हा वास तिच्या आईच्या चुलीचा होता. शेजारच्या बाईने भिंतीपलीकडून विचारलं, चंदाबाई, काय जळून राह्यलं जी? या वासावरून माहेर कळेल, असं चंदाबाईला वाटलं. तिने कढई खाली उतरवली. बी अजून तांबूसच होतं. तिने ते तसंच कुटलं, बरणीत भरलं आणि पुढच्या फळीवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

करीच्या दिवशी सकाळी कलाबाई ताजे मासे घेऊन आली. करीला कॉलनीत घरोघरी कढया चढतात, टोपली घटकेत रिकामी झाली. चंदाबाईने मात्र मासे घेतले नाहीत, संध्याकाळच्या गडबडीत कोण ते साफ करत बसणार. संध्याकाळी पंचवीस बायका आल्या. फेस वरपर्यंत आला होता, जायफळाचा वास घरभर होता. इंदिराबाईंनी बरणीकडे पाहिलं, घोट घेतला आणि दुसरा कप मागितला. चंदाबाईला त्या एका कपाने जे सुख झालं, ते तिला लग्नातही झालं नसेल.

दुसऱ्या सकाळी अख्ख्या कॉलनीत डबडी घेऊन धावपळ. क्वार्टरातले संडास पुरेनात. इंदिराबाईंना सलाईन लागलं. दुपारी नळावर बायका जमल्या तेव्हा निकाल लागलेलाच होता. त्या म्हातारीचे मासे सडके होते. गुणवंतरावांनी चौकीदाराला सांगून टाकलं की मासळीवालीला फाटकाच्या आत सोडायचं नाही.

चंदाबाईही नळावर होती. तिच्याही पोटात रात्रभर मुरडा होता, उरलेली कॉफी प्यालेला देवानंदही पाचदा उठला होता, आणि त्यांच्या घरी तर मासाच शिजला नव्हता. म्हणजे तिला सगळं कळलेलं होतं. कोणीतरी म्हणालं, तुमचं बी पोट बिघडलं का जी? ती म्हणाली, हो ना, बाई. एवढंच म्हणाली आणि हंडा उचलून निघाली. घरी येऊन तिने हंडा खाली ठेवला आणि पदर तोंडात धरून रडली.

दोन दिवसांनी कलाबाई कॉलनीच्या भिंतीच्या खिंडारातून मागच्या दारी आली. टोपली भरलेली होती. ती बसली नाही, पाणीही मागितलं नाही.

“किती येळ भाजलं होतंस, चंदा?”

“तू सांगतलं होतं तेवढंच.”

कलाबाईने तिच्याकडे पाहिलं. चंदाबाईला वाटलं, आता ही ओरडेल, कॉलनी गोळा करेल. ओरडली असती तर बरंच झालं असतं.

“माह्या माशाले आजवर कोणी नाव नाई ठेवलं,” म्हातारी म्हणाली. “मी काई कोणाले सांगत नाई. तुले सांगा वाटलं तं सांग.”

ती गेली. पुढे चंदाबाईला ती ट्रकांच्या रस्त्याला दिसायची, टोपलीवर ओलं फडकं टाकून. एक ट्रक गेला की फडकं काळं व्हायचं. माश्या वारत ती दुपारपर्यंत बसायची. चंदाबाई बाजाराला वळसा घालून जाऊ लागली. देवानंदने विचारलं तर त्याच्यावरच डाफरली.

महिनाभराने, रथसप्तमीला, इंदिराबाईंच्या घरी शेवटचं हळदीकुंकू होतं. चंदाबाई सकाळपासून वाक्यं जुळवत होती. हातात कॉफीचा कप आला तशी ती उभी राहिली आणि बोलून टाकलं. मासे चांगले होते. आपली कॉफी खोटी होती, बरणीत तरोटा होता, तोही कच्चा भाजलेला. कलाबाईवर आळ घेऊ नका.

इंदिराबाईंनी कप खाली ठेवला. मग इंदिराबाई हसल्या.

“चंदाबाई, तुमचं मन लय मोठं आहे जी. त्या म्हातारीसाठी स्वतःच्या अंगावर घेऊन राह्यल्या. आम्ही का आंधळ्या आहोत? बरणी डोळ्यानं पाह्यली, कॉफी तोंडानं प्यालो.”

बायका हसल्या. कोणी म्हणालं, अशी माणसं आता राहिली नाहीत. इंदिराबाईंनी उठून सगळ्यांच्या आधी चंदाबाईची ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं.

उरलेलं बी चंदाबाईच्या घरी डब्यात होतं. घर तिथून पाचवंच. ती जाऊन आणू शकली असती, सगळ्यांसमोर शेगडीवर भाजून दाखवू शकली असती. कपात पुन्हा कॉफी ओतली गेली. चंदाबाई खाली बसली. आपण सांगून मोकळ्या झालो आणि आपलं काही गेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला हायसं वाटलं. अगदी मनापासून हायसं वाटलं.

कलाबाई त्यानंतर कॉलनीत कधी आली नाही. चंदाबाईने तरोटा चोरून भाजला, खोटं बोलली, गप्प राहिली, हे सगळं ती आता सुनेलाही सांगते. फक्त त्या हायसं वाटण्याचं तिने अजून कोणालाच सांगितलेलं नाही.