सिओनेच्या नावावर

हे मी मेधाला सांगितलेलं नाही. मेधा म्हणजे माझी बायको. पुण्यातल्या भावाला नाही, आणि इथे ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात दर शुक्रवारी ज्यांच्याबरोबर बसतो त्या मित्रांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — जाऊ दे. कारण शोधत बसलो तर सांगायचं पुन्हा राहून जाईल, आणि ते राहू देणं मला फार सराईतपणे जमतं.

फुटबॉलपासून सुरू करतो. न्यूझीलंडमध्ये माध्यमिक शाळेलाच कॉलेज म्हणतात. माझा मुलगा तन्मय त्या वर्षी सोळाचा होता आणि कॉलेजच्या पहिल्या संघात त्याची निवड झाली होती. मी लगेच संघाचा मॅनेजर झालो. मॅनेजर म्हणजे काही थोर नव्हे — पाण्याच्या बाटल्या भरायच्या, जर्सी धुवायच्या, पालकांना मेसेज करायचे, हाफटाइमला संत्र्याच्या फोडी पुढे करायच्या. पण अंगात कॉलेजचं जॅकेट असायचं आणि त्याचा मला माज होता. एरवी मी ऑकलंडमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि अतिशय नम्रपणे कळवायच्या. शनिवारी मैदानाच्या कडेला उभं राहून मला ओरडता यायचं. आठवडाभर मी त्या ओरडण्याची वाट बघायचो.

कोच होता सिओने. मनुरेवा उपनगरात राहणारा टोंगन, म्हणजे टोंगा बेटांवरचा माणूस, कॉलेजात पीटी शिकवायचा. दार भरून टाकेल असा देह. तो काही साधुपुरुष नव्हता, हेही सांगायला हवं. आवाज चढायचा, बाटल्या भिरकावायचा, एकदा संत्र्यांचा क्रेट त्यानं लाथेनं उडवला होता आणि मग स्वतःच ओणवा होऊन संत्री गोळा करत बसला होता. मुलं त्याला टरकून असायची आणि त्याच्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावायचीही. त्यानं तन्मयला पुढच्या फळीतून काढून बचावात टाकलं. "ही रीड्स द गेम," असं मला म्हणाला, याला खेळ आधीच दिसतो अशा कौतुकानंच. माझ्या मात्र ते मनात राहिलं. मी मुलाला गोल करताना बघायला येत होतो, दुसऱ्यांचे अडवताना नव्हे.

त्या शनिवारी पाऊस होऊन गेला होता आणि मैदानाचा राडा झाला होता. सामना बरोबरीत होता. अगदी शेवटी समोरचा एक आडदांड पोरगा चेंडू घेऊन सरळ तन्मयच्या अंगावर आला. तन्मयनं पाय घालायला हवा होता. त्यानं पाय मागे घेतला. मी पाहिलं — सगळ्यांनीच पाहिलं. गोल झाला, आम्ही हरलो, आणि माझ्या शेजारचे एक पालक अगदी सहज, हसत म्हणाले की तुझा मुलगा जरा जास्तच सभ्य आहे बुवा. मीही हसलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी हसत संत्र्याची सालं गोळा करत होतो.

सामन्यानंतर चेंजिंग रूममधून सिओनेचा आवाज पार गाड्यांपर्यंत येत होता. मग धाडकन काहीतरी आदळलं. त्यानं एक बूट भिंतीवर फेकला होता — भिंतीवर, लक्षात ठेवा. बाहेर उभ्या असलेल्या पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, बरं झालं, कोणीतरी फेकला.

मेधा तेव्हा पुण्यात होती, तिच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. घरात आम्ही दोघंच. गाडी गॅरेजमध्ये घेतली, मागे गॅरेजचं दार खाली आलं. बुटांचा चिखल इथेच खरवड, घरात नको, असं मी त्याला सांगितलं. तो पायरीवर बसून खरवडायला लागला आणि मी बोलत राहिलो. घाबरट म्हणालो. शेपूट घातलीस म्हणालो. आणखीही म्हणालो, ते इथे लिहवत नाही — बघा, इथेही मी वगळतोच आहे. म्हणालो, तुझ्यासारख्या मुलीही नसतात. त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "चिल, बाबा. इट्स जस्ट अ गेम."

दुसरा बूट माझ्या पायाशी पडला होता. मी तो उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. तळ खाली करून. तळाला घसरू नये म्हणून टणक खुंट असतात, त्या बाजूनं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी थांबलो असतो का? पुन्हा घातला, पुन्हा. तो पुढे वाकला, एक हात डोक्यावर घेतला, तर त्या हातावर बसला. पहिला फटका रागाचा होता, हे मी मान्य करतो. पुढचे रागाचे नव्हते. पुढचे मला — थांबा, हे वाक्य मी आज पुरं करणार आहे — पुढचे मला आवडले. हाताला एक लय सापडली होती. इतकं मोकळं मला या देशात आल्यापासून वाटलं नव्हतं. शेवटी बूटच हातातून निसटला आणि वॉशिंग मशिनवर जाऊन आपटला, म्हणून संपलं. दया आली म्हणून नाही.

माझे वडील मारकुटे होते, असं काही आता ऐकायला मिळेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तसंही नाही. त्यांनी माझ्यावर कधी बोटसुद्धा उगारलं नाही. हे सगळं माझं मीच मिळवलेलं.

मग मी मुगाची खिचडी टाकली. आम्ही जेवलो. त्याला वाढताना मी तूप जरा जास्त घातलं. तो खुर्चीला पाठ न टेकता बसला होता. पाठ बघू, असं मी नंतर म्हणालो, तर त्यानं शर्ट वर करू दिला नाही.

सोमवारी सरावाआधी कपडे बदलताना कोणीतरी त्याची पाठ पाहिली आणि त्याला नर्सकडे नेलं. पाठभर गोल गोल काळेनिळे डाग. बूट आदळल्याचा आवाज तर शनिवारी निम्म्या पालकांनी ऐकलेला. मग अंदाज बांधायला कोणाला कितीसा वेळ लागतो? तन्मय म्हणाला, मी पडलो. कुणीच मारलं नाही, पुन्हा पुन्हा विचारलं तरी तेच. लोकांना वाटलं, पोरगा कोचला वाचवतोय. केवढा निष्ठावान, म्हणाले. तो कोणाला वाचवत होता हे घरात दोन माणसांना माहीत होतं, आणि ती दोघं त्याविषयी बोलत नव्हती.

उपमुख्याध्यापिकेनं मला बोलावलं. किया ओरा असं माओरीत स्वागत केलं, चहा दिला. घरी मुलगा काही बोलला का, असं तिनं फार जपून विचारलं. मुलाला मारणं हा इथे गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं. पोलीस, नोकरी, लोक काय म्हणतील — सगळं डोळ्यांसमोरून गेलं, पण भीतीनं माझी वाचा वगैरे बसली नव्हती. उलट मी छान बोललो. म्हणालो, शनिवारी तो अगदी गप्प गप्प होता. पाठ दाखवायला तयार नव्हता. तो आवाज आम्ही सगळ्यांनीच ऐकला. सिओनेला राग आवरत नाही, पण माणूस वाईट नाही. यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का? नाही. या कसबाचा मला पुढे बरेच दिवस अभिमान वाटत होता.

आणि उठता उठता मी म्हणालो, "वी आर नॉट द कम्प्लेनिंग टाइप."

आम्ही तक्रार करणारी माणसं नाही. आपली माणसं इथे येऊन सगळ्यात आधी शिकतात ते हेच. कुरकुर करायची नाही, आवाज चढवायचा नाही, प्रत्येकाला नो वरीज म्हणायचं. या गरीब गायीच्या चेहऱ्यावर इथे पटकन विश्वास बसतो. तो चेहरा मी त्या दिवशी वापरला. त्या एका वाक्यानं माझी न केलेली तक्रार कोणाच्याही लेखी तक्रारीपेक्षा जड झाली. एकीकडे शर्ट खोचलेला, चष्मेवाला मी, आणि दुसरीकडे दार भरून टाकणारा टोंगन माणूस. माझ्याकडे संशयानं कोणी बघणारच नाही हे मला माहीत होतं. त्यावरच तर माझी सगळी भिस्त होती.

चौकशी होईपर्यंत सिओनेला संघापासून लांब ठेवलं. तो पीटी शिकवत राहिला, पण मैदानावर यायची बंदी. एकदा पार्किंगमध्ये तो माझ्या गाडीपाशी आला. "यू नो आय नेव्हर टच्ड योर बॉय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्यानं मला एक ठेवून द्यावी असं मला मनापासून वाटलं — प्रायश्चित्त म्हणून नाही हो, पुरावा म्हणून. त्यानं दिली नाही. "इट्स विथ द स्कूल नाऊ, मेट," मी म्हणालो आणि काच वर घेतली. आरशात तो दिसत होता, हात लोंबते सोडून उभा.

मेधा परत आली तेव्हा डाग पिवळे पडले होते. ती तन्मयच्या पाठीला तेल लावत होती, तो भिंतीकडे तोंड करून पालथा पडला होता. "हात झडोत त्या माणसाचे," ती म्हणाली. मी दारात उभा होतो. मी तिला म्हणालो, जाऊ दे, तू त्रास करून घेऊ नकोस.

सिओनेच्या जागी ब्रेट नावाचा एक तरुण कोच आला. त्याला मुलांची नावं पाठ व्हायच्या आत त्याला एका क्लबानं उचललं आणि तो गेला. तोवर संघाचा पार विचका झाला होता. मुलं एकमेकांवर धावून जायची, समोरच्यांना कोपरं मारायची, सामना हरली की शर्ट फाडायची. कोच मिळेना. मग कॉलेजनं मॅनेजरला विचारलं, हंगामापुरता संघ सांभाळशील का? मॅनेजर म्हणजे मी. पाठीवर COACH लिहिलेलं सिओनेचं जॅकेट कपाटातच होतं. बाह्या माझ्या बोटांच्या पुढे येत होत्या, त्या दुमडून मी ते घातलं. पाय मागे घेईल तो बाकावर बसेल, हा माझा पहिला नियम होता. तन्मयकडे न बघता मी तो सांगितला.

तन्मय एकदाही बाकावर बसला नाही. दर सामन्यात तो आणखी खालून, आणखी जोरात पाय घालत गेला. लोक माझी पाठ थोपटत होते. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात समोरच्या संघातला एक सडपातळ पोरगा चेंडू घेऊन त्याच्याकडे आला. चेंडू कधीच पुढे निघून गेला होता. तन्मयनं चेंडूकडे पाहिलंच नाही. त्यानं दोन्ही पाय उचलून त्या पोराच्या नडगीवर घातले, तळ पुढे करून. हाड मोडल्याचा आवाज कडेपर्यंत आला. मग किंकाळी आली, ती थांबेचना. पाय नको तिथे वळला होता आणि मोजा लाल होत होता. त्या पोराची आई रबरी चपला चिखलात रुतत असताना धावत सुटली, एक पायातून निघाली तरी थांबली नाही. आमची निम्मी मुलं रडत होती.

रेफरीनं लाल कार्ड दाखवलं. तन्मय चालत बाहेर आला. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो लहानपणापासून इंग्रजीतच देतो. त्या दिवशी तो माझ्यासमोर थांबला आणि हळू, स्वच्छ मराठीत म्हणाला, "बाबा, या वेळी कोणाचं नाव सांगणार?"

आजूबाजूला कोणालाच ते कळलं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लांबून बघणाऱ्यांना वाटलं असेल, बाप मुलाला धीर देतोय.

पुन्हा तीच खोली, पुन्हा चहा. या वेळी तन्मय माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. सिओनेविरुद्ध तोवर काहीच सिद्ध झालं नव्हतं. पुढच्या हंगामात त्याला परत आणायचं घाटत होतं, हे मला माहीत होतं. उपमुख्याध्यापिका म्हणाली, हा मुलगा तर इतका शांत होता, मग असं का झालं? आणि इथे, खरंच सांगतो, मला अवधी होता. कोणी घाई केली नाही. चहा गरम होता, बाहेर मुलं दंगा करत होती, आणि मी विचार करून बोललो. म्हणालो, तो असा नव्हताच. सिओनेच्या त्या प्रकरणानंतर बदलला.

तिनं मान डोलावली. तन्मय हसला, नाकातून, जेमतेम. त्याला थोडक्यात सोडलं. सिओनेनं वर्ष संपायच्या आत राजीनामा दिला, आणि तो आता विमानतळाजवळच्या एका गोदामात सामान उतरवतो असं कोणीतरी सांगितलं. मी मनुरेवाच्या वळणावर मोटरवे सोडत नाही, लांबून जातो.

तन्मय आता दूर दक्षिणेला, ड्युनेडिनच्या विद्यापीठात शिकतो. आईला फोन करतो, मेधा स्पीकरवर लावते, मी आसपास असलो की तो इंग्रजीत हाय म्हणतो. त्या पोराचा पाय बरा झाला की नाही, मी कधी विचारलं नाही.

सिओनेनं माझ्या मुलाला हात लावला नव्हता. तो बूट मी मारला. आणि दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही, मुलगा शेजारी बसून ऐकत असताना, मी सिओनेचंच नाव घेतलं.