पिंजऱ्यातला डिंकाचा लाडू

अन्याय झाला तो एका रॅकून मादीवर आणि तिच्या चार पिल्लांवर. कधी, तर गेल्या मे महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी सव्वाआठ वाजता. कुठे, तर आमच्याच घरामागे, गॅरेजच्या भिंतीलगत. कोणी केला, तेही सांगते. दादाने आणि मी. आणि तो करवून घेतला आमच्या आईच्या हातून, तिला काही कळू न देता.

पत्रक असंच सुरू करायचं, हे मला बाबांनी शिकवलं. नागपुरात आमच्या वस्तीत जयंतीची मिरवणूक असो की नळाचं पाणी, पत्रक बाबा लिहायचे आणि सातवीत असल्यापासून प्रुफं मी तपासायचे. आधी कोणावर, मग कधी, शेवटी मागणी. मधे रडगाणं नको, म्हणायचे. इथे न्यू जर्सीत मी भाडेकरूंच्या एका संघटनेत काम करते आणि तिथेही तेच चालतं. घर खाली करा म्हणून नोटीस आली तर काय करायचं, याची पत्रकं लिहायची, लोकांच्या भाषेत आणायची. आजवर शेकडो लोकांना मी सांगितलंय की कोणालाही असं एका दिवसात घराबाहेर काढता येत नाही. हे पत्रक मात्र मधल्या रडगाण्याशिवाय जमत नाहीये. थकलेय मी. वाचून घ्या.

दादा-वहिनी आधी वेस्ट विंडसरला टाउनहाउसमध्ये राहायचे. तिथून पाऊण तासावर, शेतांच्या मधोमध त्यांनी एक जुनं घर घेतलं. एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला सोयाबीन, मागे ओढा आणि झाडी. "यार, इथे निदान श्वास तरी घेता येतो," असं दादा म्हणाला आणि त्यानंतर रोज सकाळी सहाला उठून तोच श्वास स्टेशनकडे ड्राइव्ह करत घालवायला लागला. वरच्या खोलीत मी राहते, घरूनच काम करते. म्हणजे दिवसभर त्या घरात खरी राहणारी मीच.

मी आणि रॅकून, मांजराहून थोडा मोठा, डोळ्यांभोवती काळी पट्टी असलेला इथला रानटी प्राणी. पहिल्याच हिवाळ्यात ते कळलं. कचऱ्याचा मोठा डबा आडवा पडलेला, गाडीच्या काचेवर चिखलाचे पाच बोटांचे ठसे, लहान मुलाने हात टेकवल्यासारखे. डब्याच्या झाकणावर वीट ठेवली, तर वीट खाली. दोन विटा ठेवल्या, तर डबाच खाली. मग दादाने लवचिक पट्टा आणून झाकण बांधलं. तो पट्टा सोडवायला आम्हाला जेवढा वेळ लागायचा त्याहून त्यांना कमी लागायचा. पण भांडण असं नव्हतं. त्यांचा वावर संध्याकाळनंतरचा, आमचा त्याआधीचा. गॅरेजच्या छपराखाली एक फळी कुजून सुटली होती, ती ठोकून घ्यायची असं आम्ही वर्षभर म्हणत होतो.

टाउनशिपकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, एक पत्रकही आलं होतं. मी ते मॅग्नेट लावून फ्रीजवर ठेवलं. रानातल्या प्राण्यांना खायला घालू नका. वसंत ऋतूच्या आधी छपराची भोकं बुजवा. दिवसा रॅकून दिसलं म्हणजे ते पिसाळलेलंच आहे असं समजू नका, पिल्लांची आई दिवसाही अन्न शोधते. सगळं त्यात होतं. चहा उकळेपर्यंत मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मांडणी चांगली आहे, एवढं म्हणून सोडून दिलं.

एप्रिलमध्ये आई आली, वहिनीच्या बाळंतपणाला. सहा महिन्यांचा व्हिसा, दोन बॅगा, त्यातली एक निव्वळ डिंक, खारीक, खोबरं, मेथ्या, अळीव. मे सुरू होताच बाळ झालं आणि आईने लाडवांचा घाणा काढला. वहिनीने दोन दिवस खाल्ले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, प्लीज, मला नाही जात हो. खूप हेवी होतं." पण स्टीलचा डबा भरलेला आणि खाणारं कोणी नाही, हे आईच्याने बघवेना.

उरलेलं अन्न कचऱ्यात टाकणं आईला आयुष्यात जमलेलं नाही. नागपूरला कंपाउंडच्या भिंतीवर ती रोज दुपारी पोळीचे तुकडे ठेवते. कुत्रा खातो, खार खाते, कोण खातं ते ती विचारत नाही. इथे तिने ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक सपाट दगड शोधला. जेवणं झाली की पदर खोचून निघायची.

तिला एकदाही मी अडवलं नाही. फ्रीजवरचा कागद इंग्रजीत होता. लोकांसाठी भाषांतर करून पोट भरणारी त्याच घरात, त्याच फ्रीजसमोर चहा पीत उभी होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी, भर दुपारी, ती रॅकून आली. आईने मला खिडकीपाशी बोलावलं. दगडावर बसून ती दोन्ही हातांनी डिंकाचा लाडू फिरवत होती, वास घेत होती, परत फिरवत होती. आई लाडू वळते तसंच.

"अगं, बाळंतीण आहे ही," आई म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"पोट बघ तिचं. अंगावर पाजते आहे. केस झिजलेत तिथले. वस्तीतली किती बाळंतपणं केली मी, मला शिकवते का?"

संध्याकाळी जेवताना आईने ही बातमी सगळ्यांना दिली. दादा हसून म्हणाला, "आई, आता तू रॅकूनची पण डिलिव्हरी करणार का?"

"डिलिव्हरी झाली रे तिची. आता बघायला कोण आहे तिच्याकडे? तिची सासू आली आहे का व्हिसा काढून?"

वहिनीसुद्धा हसली, बाळ मांडीवर धरून. मीही. त्या घरात त्या महिन्यात एवढं हसणं क्वचितच झालं असेल. मला तो प्रकार आवडत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आई रोज एक लाडू फोडून ठेवायची, ती रोज यायची, अंतर रोज थोडं कमी व्हायचं. आई तिच्याशी बोलायची. "खा माय. आमच्या सुनेला नाही पचत."

मग एका शनिवारी ती थेट मागच्या दाराशी आली. जाळीच्या दारावर दोन्ही हात टेकवून आत बघत उभी राहिली. आत तीन आठवड्यांचं बाळ झोपलं होतं. वहिनी किंचाळली नाही, नुसती पांढरी पडली. दादाने त्याच तासात रानटी प्राणी पकडणाऱ्या एका माणसाला फोन केला. दिवसा फिरणारं, माणसाला न भिणारं रॅकून, घरात तान्हं बाळ. फोनवर तो एवढंच सांगत होता. ते ऐकून कोणीही लगेच या म्हणालं असतं.

माणूस आला, पन्नाशीचा, बूट दाराबाहेर झटकून बोलणारा. लोखंडी जाळीचा पिंजरा गॅरेजच्या भिंतीलगत ठेवला. त्याने दादाला विचारलं, पिल्लं आहेत का कुठे? दादा म्हणाला, नो, जस्ट द वन. मी पायरीवर उभी होते. आई माझ्या मागे, बाळाचे लंगोट वाळत घालत. रोज आम्हाला 'बाळंतीण, बाळंतीण' म्हणून सांगणारी बाई तिथून पाच पावलांवर होती आणि तिला प्रश्न कळला नव्हता. मला कळला होता. मी उत्तर दिलं नाही. का, तर माझ्या डोक्यात ती आईची गंमत होती. बाळंतीण म्हणजे आईचं बोलणं, पिल्लं म्हणजे त्या माणसाचा प्रश्न. दोन्ही एकच आहेत हे डोक्यात जुळलंच नाही.

तो गेल्यावर आईने विचारलं, "काय करणार हे तिचं?"

"जंगलात नेऊन सोडतील," मी म्हणाले.

कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही. मी विचारलंही नव्हतं. एखाद्या घरमालकाने असं काही हवेत सांगितलं असतं, तर मी त्याच्याकडून लेखी मागितलं असतं.

रविवार गेला, सोमवार गेला. पिंजऱ्यात ठेवलेल्या मांजरीच्या खाण्याला ती शिवली नाही. त्या माणसाने दादाला मेसेज केला, तिला ज्याची सवय आहे ते ठेवून बघा. दादाने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "जंगलात बरी राहील ना ती? नाहीतरी इथे काय, तुम्ही घाबरता." आणि स्वतःच्या हाताने, वाकून, पिंजऱ्याच्या पार आत लाडू ठेवला. आख्खा ठेवला, न फोडता. वाटेत खाईल म्हणाली.

मंगळवारी सकाळी ती आत होती. सव्वाआठला ट्रक आला. पिंजरा उचलताना तिने आवाज केला नाही. जाळीतून बोटं बाहेर काढून गॅरेजची भिंत धरू पाहत होती. आम्ही ते घाबरणं समजलो.

गुरुवारी दुपारी मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होते, तर आई वर आली. ती माझ्या कामात कधी येत नाही. "गॅरेजवर काहीतरी रडतंय," म्हणाली. दादाला दोन दिवस वाटत होतं की पक्षी आहेत. मी शिडी लावली, सुटलेली फळी ओढली. आत, छताच्या कापसासारख्या अस्तरात, चार. तिघं हलत होती.

आई खाली शिडी धरून उभी. मी काय बघितलं ते सांगितल्यावर शांतपणे म्हणाली, "मी सांगत होते."

त्या माणसाला मी फोन केला. तिला कुठे सोडलं, विचारलं. तो म्हणाला, मॅम, रेबीजच्या भीतीमुळे मला ती दुसरीकडे नेऊन सोडायची परवानगीच नाही. त्याच दिवशी झालं ते. त्रास नाही होऊ दिला. मग म्हणाला, मी विचारलं होतं तुम्हाला, पिल्लं आहेत का. पिल्लं असतील तर आम्ही आधी थांबतो, आईला पिल्लांसकट हलू देतो, मग भोक बुजवतो. त्याचं बोलणं उद्धट नव्हतं. उद्धट असतं तर मला बरं वाटलं असतं.

रानातली अनाथ पिल्लं वाढवायचं लायसन्स असलेली एक बाई तासाभराच्या अंतरावर सापडली. तिने फोनवर पहिली सूचना दिली की उघड्या हाताने कोणी स्पर्श करू नका. केलात, तर तपासणीसाठी पिल्लांना मारावं लागेल. आई तोवर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढली होती, पदर पुढे करून. "आई, हात लावू नकोस, हात लावलास तर मारतील त्यांना," मी ओरडले. ती थांबली. महिन्याभरात एवढं एकच वाक्य मी वेळेवर मराठीत सांगितलं.

बागेचे जाड हातमोजे घालून तिघांना खोक्यात ठेवलं. चौथ्याला दादाने ओढ्याकाठी पुरलं. संध्याकाळी घरी आल्या आल्या तो टाय न सोडताच खणत होता. मला म्हणाला, "घरात बाळ आहे. तू माझ्या जागी काय केलं असतंस?" मी भांडले नाही. भांडण्यासारखं काहीतरी होतं, पण तो पण थकला होता. पिल्लांच्या बाईकडे जाताना गाडीत आई मागे बसली, खोक्याशेजारी. तिथे तिला सांगितलं मी. जंगल नव्हतं, म्हणून.

ती म्हणाली, "म्हणजे माझ्या लाडवाने."

"नाही आई, आम्ही..."

"लाडू माझा होता."

आई रोज सकाळी हॉलमधल्या फोटोसमोर बसून वंदना म्हणते, पंचशील म्हणते. शुक्रवारी सकाळी प्राणिहत्येपासून दूर राहण्याच्या पहिल्या शीलाशी ती थांबली. स्वयंपाकघरातून मला ऐकू येत होतं, म्हणजे ऐकू येणं बंद झालं होतं. वहिनी बाळाला घेऊन दारात आली, तशीच परत फिरली. मग आईने ते पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पाचही म्हटली, आणि चहाला आली. फ्रीजवरचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं. मराठीत, एकेक ओळ. दिवसा दिसणाऱ्या पिल्लांच्या आईच्या ओळीपाशी तिने बोट ठेवलं, जणू तिला अक्षरं येत होती. "हे इथेच होतं? मी आले तेव्हापासून?"

"हो."

"लोकांसाठी पत्रकं लिहितेस ना," ती म्हणाली. "मग हे लिही. नावं नको घालू कोणाची. पण लिही."

तिघांपैकी दोघं जगली. ऑगस्टच्या शेवटी त्या बाईने आपल्या भागातल्या ओढ्याकाठी सोडली, व्हिडिओ पाठवला. आईने तो एकदा पाहिला. दगडावर आता ती काही ठेवत नाही. उरलेली पोळी दुसऱ्या दिवशी फोडणी घालून स्वतःच खाते. फळी दादाने ठोकली, आत कोणी नाही हे दोनदा बघून. लाडवांचा डबा तसाच आहे, ऑक्टोबरमध्ये ती परत नेणार म्हणते.

आता मागणी. तुमच्याकडेही आई किंवा सासूबाई आल्या असतील, मागच्या दारी पोळी ठेवत असतील, आणि तुमच्याही फ्रीजवर असा कागद असेल. उठा, तो काढा, आणि त्यांना मराठीत वाचून दाखवा, आज. आणि पिंजरेवाल्याला फोन लावण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, तू काय बघितलंस. ती सांगेल ते शब्दन् शब्द त्या माणसाला इंग्रजीत सांगा. तो प्राण्याला कुठे नेणार, तेही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला पिंजरा ठेवू देऊ नका.