पायांवरच्या पट्ट्या

माझी मुलगी गेली तीन वर्षं उभ्या उभ्या कोसळायची. सासरच्यांनी ते सोंग ठरवून तिला माहेरी पाठवलं. बाप असून मीही तेच मानलं आणि तिला परत पोचवायला निघालो. जळगाव स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत ती पुन्हा पडली, तेव्हा मी चारचौघांत ओरडलो, "पुरे तुझी नाटकं!"

बाकावरचा एक म्हातारा उठला. पलटणीतून निवृत्त झालेला शिपाई असावा.

"भाऊ, परेडमा मोठमोठा गडी असाच पडतस. त्यासले कोनी सोंगी म्हनस का?"

वाकून त्याने आपल्या पोटऱ्यांवर शिपायासारख्या गुंडाळलेल्या खाकी पट्ट्या सोडल्या आणि माझ्या हातात दिल्या. "तूच बांध. घट्ट. उभं राहीसन रगत पायमा उतरस, म्हनीसन माणूस पडस."

मी गुडघे टेकून पोरीच्या पोटऱ्या आवळल्या. ती उठल्यावर त्याने उभ्यानेच पायावर पाय घालून, मांड्या दाबून तिला दाखवलं. "बेटा, अशी उभी राह्य. एकदम उठू नको. मीठ टाकीसन ताक पी."

गाडी येईपर्यंत ती उभीच होती.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"डोळ्यांपुढे अंधार नाही आला, नाना."

तीन वर्षांत एवढं साधं मी तिला कधी विचारलंच नव्हतं.