गेटावरची चिंधी

चाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाकडं, माहेरी होते. मातीला पोचणं शक्यच नव्हतं... आणि मनात पहिलं आलं ते भलतंच : आज चिंधी कोण बघणार?

शेखचाचा आमच्या श्रीरामपूरकडच्या दवाखान्याचे सुपरवायझर. मी सातवीत शाळा सोडलेली, नवऱ्यामागं इतक्या लांब आलेली. गार्डची वर्दी मिळाली ती त्यांच्या शब्दावर. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "वारा कुठनं हाय?" वाटलं, चेष्टा करतात. त्यांनी गेटाच्या खांबाला बांधलेली चादरीची चिंधी दाखवली. दवाखान्याला वाऱ्याशी काय करायचंय, असं मी रोज विचारायचे. ते नुसते हसायचे.

कळलं ते माझ्या चुकीनं. फवारताना कोसळलेला एक मजूर रिक्षातून आला, कपडे औषधानं चिंब. मी त्याला खांद्याला धरून तशीच आत पळाले. थोड्या वेळानं मलाच गरगरायला लागलं, नर्सबाईंचे डोळे चुरचुरायला लागले. चाचांनी मला अंघोळीला पाठवलं आणि नंतर बाकावर शेजारी बसून राहिले. नोकरी गेली, या भीतीनं मी रडत होते.

"मानसाला न्हाई अडवायचं पोरी, इखाला अडवायचं," ते म्हणाले. "कपडे भाईर, पानी भाईर, मग मानूस आत."

मग त्यांनी चिंधीचंही सांगितलं. विषारी वायू असला तर माणसं अशा बाजूला धुवायची, की वारा दवाखान्याकडून त्यांच्याकडं वाहील.

मी माहेराहून परतले त्याच आठवड्यात बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला. टेम्पोत चार कामगार, खोकून बेजार. सोबत आलेले लोक गेट हलवत होते. "बाई, मानूस गेला तर तू भरून देनार का?" माझा हात कडीवरच होता. उघडावं का?... वर बघितलं. चिंधी दवाखान्याकडं उडत होती. मी टेम्पो वळवून दवाखान्याच्या पलीकडच्या बाजूच्या नळाशी नेला, म्हणजे वास दवाखान्यात शिरणार नाही. चौघांचे कपडे काढले, पाण्याचा पाइप सोडला, डॉक्टरांना तिथंच बोलावलं. चौघेही पुढं बरे होऊन घरी गेले.

हे सगळं चाचांना कुणी शिकवलं होतं, ते विचारायचं राहिलंच.

चिंधी आता उन्हानं विरलीय. परवा नवी बांधायला गेले, तर चाचांनी मारलेली गाठ काही सुटेना. फार ओढलीही नाही मी... नवी तिच्याच शेजारी बांधली. सकाळी आल्या आल्या दोन्हींकडं बघते.