अस्वलाचं डोकं

अमेरिकेतल्या शेबॉयगनचा बिअरचा कारखाना बंद पडून जमाना झाला, पण यंदा गावच्या जत्रेला त्याच्या जाहिरातीतलं अस्वल पुन्हा हवं होतं. म्हणून तरुणपणी ते अस्वल झालेल्या, आता सत्तरीतल्या ऑर्विलनं पुन्हा तो केसाळ पोशाख अंगावर चढवला. गुडघे बोंबलत होते, आत घामाचा तोच जुना वास होता.

जत्रेतून तसाच नेहमीच्या बारमध्ये शिरताच डेलबर्टनं त्याला मिठी मारली. "कुठं होतास रे राजा इतकी वर्षं?" त्याचे डोळे भरून आले.

हा डेलबर्ट रोज शेजारच्याच स्टुलावर बसायचा. ऑर्विलची बायको गेली, तेव्हाही धड दोन शब्द बोलला नव्हता.

ऑर्विलनं अस्वलाचं डोकं काढलं.

"हात्तिच्या, तू होय!" डेलबर्टचा चेहरा पडला. "घाल बाबा ते परत."

दमलेल्या ऑर्विलनं ते घातलं. लगेच गळ्यात हात पडला.